बंद खोलीतल्या पिसवा

लाँड्रीवाल्या बाईंना सगळी गल्ली पाठीमागे चिमटाबाई म्हणायची आणि ते त्यांना ठाऊक होतं. गिऱ्हाइकानं मळक्या कपड्यांचं गाठोडं काउंटरवर ठेवलं की त्या खणातून लांब दांड्याचा लाकडी चिमटा काढायच्या, एकेक कपडा टोकाला धरून उचलायच्या, उजेडात फिरवून बघायच्या आणि मगच पावती फाडायच्या. गिऱ्हाईक नवीन असेल तर ओशाळायचं. जुनी मंडळी सवयीनं दुसरीकडे बघत उभी राहायची.

सव्वीस वर्षं हाच धंदा. या सव्वीस वर्षांत त्यांनी माणसांचं जे काही पाहिलं होतं ते एखाद्या डॉक्टरनंही पाहिलं नसेल. कॉलरवरचा मेणचट थर, रुमालात वाळून कडक झालेलं काहीबाही, उशीच्या अभ्र्यावरची पिवळी वर्तुळं, खिशातून निघालेली अर्धी चघळलेली गोळी. एवढं पाहून माणूस निर्ढावेल असं कुणालाही वाटेल, पण बाईंची किळस वर्षागणिक वाढतच गेली. दुकानात सगळं पांढरं. भिंती पांढऱ्या, एप्रन पांढरा, पायातले मोजेसुद्धा पांढरे. पांढऱ्यावर घाण लपत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. नवरा हयात होता तेव्हा चारचौघांत सांगायचा, "लग्नाआधी हिनं मला दोनदा उकळून घेतलं, मग होकार दिला." लोक हसायचे. बाईंना त्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही.

दोन गल्ल्या सोडून त्यांचा धाकटा भाऊ राहायचा. घड्याळं दुरुस्त करायचा. पुढे टीचभर दुकान, मागे राहायची खोली आणि तिच्यामागे फरसबंद अंगण. लग्न केलं नव्हतं. घरात एक कुत्रा होता, तपकिरी, बुटका, अंगानं गुटगुटीत, म्हणून त्याचं नाव ढब्बू. भाऊ दर गुरुवारी बहिणीला भेटायला यायचा, पण गेली दोन वर्षं तो लाँड्रीच्या पायरीवरच उभा राहायचा. आत ये, चहा टाकते, म्हटलं की म्हणायचा, "असू दे ताई, घाई आहे." घाई कसली, पाऊण पाऊण तास पायरीवर बोलत उभा असायचा. स्वतःच्या घरी तर तो कुणालाच बोलवेनासा झाला होता. कपडेही धुवायला देत नसे. सख्खी बहीण लाँड्रीवाली आणि हा बादलीत सदरे बुचकळतो, हे बाईंना फार लागलं होतं.

त्यामागचं कारण आपल्याला कळलंय असं त्या धरून चालल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी ढब्बूनं दुकानात शिरून हॉटेलच्या घडी घातलेल्या चादरींशेजारी अंग झाडलं होतं आणि बाई कडाडल्या होत्या, "हे ध्यान घेऊन माझ्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही." कुत्र्याला म्हटलेलं भावानं स्वतःला लावून घेतलं, असा त्यांचा समज. एका कुत्र्यापायी बहिणीशी फुगून बसतो तर बसू दे, म्हणून त्यांनीही तो विषय पुन्हा काढला नाही.

मग भाऊ पडला. भिंतीवरचं घड्याळ उतरवताना शिडी सरकली आणि खुब्याचं हाड मोडलं. आधी ऑपरेशन, मग चालायचा व्यायाम, असे सहा आठवडे हॉस्पिटलात काढायचे होते. ढब्बूला शेजारच्या चावीवाल्यानं आपल्या पडवीत बांधलं. खोलीला कुलूप लागलं.

बाई रोज दुपारी भेटायला जायच्या. किल्लीचं नाव काढलं की भाऊ भिंतीकडे तोंड फिरवायचा.

"तुझे कपडे आणते ना."

"इथलेच बरे आहेत, ताई."

"आणि घर? तू यायच्या आधी झाडलोट नको?"

"मी आल्यावर बघेन."

"कुबडी टेकत झाडणार आहेस का?"

चौथा आठवडा संपता संपता नर्सनं बाईंना बाजूला घेऊन सांगितलं की पेशंट घरी जायच्या आधी खोलीतलं जाजम-बिजम काढून टाका, पाय अडकून पुन्हा पडायला नको. बाईंनी मग भावाला विचारलंच नाही. मंगळवारी सकाळी दहा वाजता चावीवाल्याला बोलावून कुलूप उघडून घेतलं.

"मी नाही येत आत," चावीवाला म्हणाला आणि दोन पावलं मागे सरकला. बाईंना ते चमत्कारिक वाटलं, पण विचारायचं सुचलं नाही.

खोलीत कोंदट, ओलसर लोकरीसारखा वास होता. पडदे ओढलेले. बाई नाकाला रुमाल लावून खिडकीकडे निघाल्या. लाकडी फळ्यांच्या जमिनीवर खोलीभर पसरलेलं जाड जाजम पावलाखाली धुळीनं मऊ लागत होतं. सात-आठ पावलांत त्या खिडकीशी पोचल्या, पडदा सारला, आणि त्यांना वाटलं कुणीतरी आपल्या घोट्यांवर बारीक वाळू फेकतंय. एकदा नाही, सारखं, सगळीकडून. त्यांनी खाली पाहिलं.

मोजे पांढरे राहिले नव्हते. घोट्यापासून वर काळे तीळ पेरावेत तसे ठिपके होते, आणि ते ठिपके चढत होते. काही मोज्याच्या विणीत शिरत होते, काही काठावरून पोटरीवर येत होते. जाजमावरून आणखी उडत होते, टिपटिप आवाज यावा इतके. बाईंनी एक हात खाली नेला तर पाच-सहा बोटांवर आले, चपटे, तुळतुळीत, चिमटीत धरले तरी न चिरडणारे. पिसवा. शेकड्यांनी पिसवा. महिनाभर इथं माणूस नव्हतं, कुत्रा नव्हता, आणि तरी जणू कुणी हाक मारल्यासारख्या सगळ्या एकदम उठल्या होत्या.

बाई ओरडल्या नाहीत. त्या तशाच अंगणात पळाल्या, मोजे उलटे ओढून काढले, नळाखाली पाय धरले आणि नळाला धरूनच भडभडून ओकल्या.

"मी म्हणणार होतो," चावीवाला कुंपणापलीकडून म्हणाला.

"मग म्हणाला का नाहीत?"

"तुमच्या भावानं शपथ घातलेली. ताईला कळता कामा नये म्हणून. आणि कुत्र्याचं पण बघा काहीतरी. कालपासून उठत नाही तो."

ढब्बू पडवीच्या कोपऱ्यात पोत्यावर पडला होता. बाईंनी त्याला दोन वर्षांनी जवळून पाहिलं. नावापुरताच ढब्बू उरला होता. कमरेपासून शेपटीपर्यंत केस गेलेले, कातडं जाड, काळपट, हत्तीच्या कातड्यासारखं सुरकुतलेलं. त्यावर चावून चावून केलेल्या ओल्या जखमा. पोट तेवढं गुलाबी होतं आणि त्या गुलाबी पोटावरून पिसवा मांडीच्या बेचक्यात पळत होत्या. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काहीतरी चिकटलेलं होतं. बाई बघत असतानाच त्यातला एक दाणा आखडला आणि पुन्हा लांबला. त्यांनी डोळे मिटून घेतले.

त्या तिथून निघून गेल्या असत्या. पाय तसे वळलेही होते. पण कुत्र्यानं मान न उचलता नुसती शेपटी एकदा हलवली आणि बाईंच्या मनात आलं, हा मेला तर भावाला मी काय सांगू. त्यांनी चावीवाल्याकडून रबरी हातमोजे मागून घेतले, कुत्र्याला जुन्या पलंगपोसात गुंडाळलं आणि हात शक्य तितके लांब धरून, तोंड एका बाजूला वळवून, जनावरांच्या दवाखान्यात नेलं. वाटेत समोरून येणारे लोक भिंतीला चिकटून त्यांना वाट देत होते.

दवाखान्यातली डॉक्टरीण वयानं लहान आणि बोलायला सडेतोड होती. तिनं ढब्बूचा ओठ वर केला. हिरड्या गुलाबी असायच्या त्या कागदासारख्या पांढऱ्या.

"रक्त उरलेलं नाही याच्यात फारसं," ती म्हणाली. "पिसवांनी प्यायलंय."

"एवढ्याशा किड्यांनी?"

"एकीनं नाही हो. पण शेकडो, रोज, महिनोन्महिने." तिनं बारीक दातांची फणी ढब्बूच्या पाठीवरून ओढली, निघालेली काळी भुकटी ओल्या पांढऱ्या कागदावर झटकली आणि कागद बाईंपुढे धरला. काळे कण पसरत लालतांबडे झाले. "माती वाटते ना? ही पिसवांची शी. म्हणजे याचंच रक्त, पचून बाहेर पडलेलं."

बाईंनी आयुष्यभर डाग ओळखले होते. हा डाग त्यांना आता सगळीकडे दिसणार होता. "आणि मागे ते पांढरं वळवळतंय ते?"

"जंताचे तुकडे. अंग खाजतं म्हणून हा चावतो, चावताना पिसू गिळतो आणि पिसवेच्या पोटात जंताचं पिल्लू असतं. ते आतड्यात वाढतं. औषधानं जाईल. अंगावरच्या पिसवाही गोळीनं मरतील, दोन दिवसांत. खरा प्रश्न घराचा आहे."

"घरात तर महिनाभर कुणी नव्हतं. मग त्या जगल्या कशावर?"

डॉक्टरीण स्टुलावर बसली. बाईंना वाटलं न सांगितलं तर बरं, पण ती सांगत गेली. मादी कुत्र्याच्या अंगावर रक्त पिते आणि दिवसाला चाळीसेक अंडी घालते. अंडी गुळगुळीत, केसांतून घरंगळतात, कुत्रा जिथं लोळेल तिथं मिठासारखी सांडत जातात. त्यातून पांढऱ्या अळ्या निघतात. त्यांना उजेड नको असतो, म्हणून त्या जाजमाच्या मुळाशी, फळ्यांच्या फटीत जातात. तिथं त्यांना खायला लागते आईबापांची ती काळी शी, वरून झरणारी. मग त्या स्वतःभोवती चिकट कोष विणतात. कोषाला धूळ चिकटते, तो धुळीसारखाच दिसतो, आणि आत पिसू तयार होऊन बसून राहते. महिने गेले तरी चालतं तिला. पावलांचा हादरा बसला, अंगाची ऊब आली, श्वास लागला, की फोडून बाहेर.

"म्हणजे मी चालत गेले म्हणून," बाई म्हणाल्या.

"हो. तुम्ही त्यांचं जेवण होतात. कुत्र्यावर दिसतात त्या शंभरातल्या पाच समजा. बाकीच्या जमिनीत आहेत. आणि कोषाला कुठलंही औषध लागू पडत नाही. रोज व्हॅक्यूम मारा, त्या हादऱ्यानं त्यांना बाहेर येऊ द्या, आल्या की फवारलेल्या औषधानं मरू द्या. तीन महिने धरा."

ढब्बूला सलाईन लावून दवाखान्यातच ठेवून घेतलं. बाई घरी आल्या आणि अंघोळीला बसल्या. पायांवर घोट्यापासून गुडघ्यापर्यंत लाल गांधी उठल्या होत्या, तीन-तीनच्या रांगेत. त्यांनी ब्रशनं पाय घासले, कपडे उकळले, केस दोनदा धुतले, आणि तरी मानेवरून काहीतरी चालतंय असं वाटून त्या दर मिनिटाला दचकत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा त्या खोलीत गेल्या. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. माणूस लावता आला असता. पण लावलेला माणूस वरवर औषध फवारून जाणार आणि खालचं तसंच राहणार, हे त्या जाणून होत्या. पायात रबरी बूट, बुटांच्या तोंडाशी चिकटपट्टी, डोक्याला फडकं. जाजम गुंडाळायला घेतलं तर खालच्या बाजूला वाळूसारखा थर होता, पांढरा आणि काळा मिसळलेला, आणि त्या थरात अळ्या, केसासारख्या बारीक, उजेड लागताच वेटोळं घालून आत सरकणाऱ्या. अंडी आणि शी, जेवण आणि जेवणारे, सगळं एकात एक कालवलेलं. बाईंनी दाताखाली ओठ धरला आणि जाजम प्लास्टिकमध्ये बांधून कचऱ्याच्या गाडीत दिलं. फळ्यांच्या फटी त्यांनी जुन्या चाकूनं उकरल्या. व्हॅक्यूमची पिशवी रोज अंगणाबाहेर नेऊन गाठ मारून टाकली. पलंगाखाली, कपाटामागे, ढब्बूच्या गादीखाली जाऊन आल्या की दरवेळी नळापाशी उभं राहून खोल श्वास घ्यायच्या आणि पुन्हा आत जायच्या. रोज सकाळी आठ ते दहा, दुकान उघडायच्या आधी. पिसवा रोज निघत होत्या. पहिल्या आठवड्यात बुटांवर तीस-चाळीस, दुसऱ्यात दहा-बारा.

भावाच्या चादरी, पडदे, सदरे कढत पाण्यातून काढावेच लागणार होते. बाईंनी दुकानातलं एक मशीन त्यासाठी वेगळं ठेवलं. त्याच आठवड्यात हॉटेलचा मॅनेजर चादरी घेऊन आला. बोलता बोलता बाईंचा हात नकळत पोटरीकडे गेला. मॅनेजरची नजरही तिकडे गेली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा काउंटरच्या पलीकडचा माणूस बाईंकडे त्या नजरेनं बघत होता.

डास चावले म्हणता आलं असतं. बाई म्हणाल्या, "भावाच्या घरात पिसवा झाल्यात. मी तिथं साफसफाई करतेय. तुमचे कपडे त्या मशीनला लागत नाहीत, पण तुम्हाला कळायला हवं."

मॅनेजरनं चादरींची थप्पी हळूच काउंटरवरून स्वतःकडे ओढली. अगदी सभ्यपणे. "मग... तुमचं आटोपलं की कळवा," म्हणाला, आणि कडेकडेनं, कशालाही हात न लावता बाहेर पडला. बाई कितीतरी वेळ तो गेला त्या दाराकडे बघत राहिल्या. कान तापले होते. आपल्या अंगालाच वास येतोय असं त्यांना वाटत होतं.

त्या दिवशी दुपारी हॉस्पिटलात गेल्यावर त्यांनी सरळ विषयालाच हात घातला.

"मी खोली उघडली."

भाऊ पडल्या पडल्या छताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चावल्या तुला?"

"तू दोन वर्षं त्यात राहिलास?"

"आधी थोड्याच होत्या ग. मी ढब्बूला दर आठवड्याला साबणानं घासायचो. दोन दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. मला वाटायचं त्या त्याच्यावर असतात. त्याला धूत राहिलो, जमीन राहिली."

"डॉक्टरांना विचारायचंस."

"ते म्हणाले असते घर बघायला येतो." त्यानं चादरीखालून पाय थोडा बाहेर काढला. नडगीवर जुने काळे डाग होते, खाजवून खाजवून उठलेले, एकाशेजारी एक. "लोक खुर्चीवर बसले की उठेपर्यंत मला घाम फुटायचा. मग मी कुणाला बोलावणंच सोडलं. तुझ्याकडे आत येत नव्हतो ते याचसाठी. माझ्या कपड्यातून एखादी तुझ्या दुकानात उडाली असती तर?"

"मला वाटलं तू रागावलायस."

"राग कसला. लाज वाटायची. तू मला चिमट्यानं उचललं असतंस, ताई."

बाईंना यावर नाही म्हणायचं होतं. पण उचललं असतं, हे त्यांना ठाऊक होतं, आणि समोरचे ते डाग बघताना आत्तासुद्धा घशाशी येत होतं. त्या इतकंच म्हणाल्या, "घाणेरडा आहेस तू. लहानपणापासून घाणेरडा," आणि पिशवीतून मलम काढून त्याच्या नडगीला लावायला लागल्या. बोटांनी. पूर्ण वेळ चेहरा वाकडा करून. भाऊ डोळ्यांवर हात आडवा धरून पडून राहिला.

तो घरी आला तेव्हा खोलीत जाजम नव्हतं, जुनी गादी नव्हती, फळ्यांच्या फटी बुजवलेल्या होत्या आणि औषधाचा झणझणीत वास होता. ढब्बू आठवडाभर आधीच दवाखान्यातून येऊन चावीवाल्याच्या औषध मारून घेतलेल्या पडवीत राहिला होता. आता महिन्याच्या महिन्याला त्याला गोळी होती. भावाला बघून तो इतका हेलपाटत नाचला की कुबडी सुटून पडली. बाईंनी कुबडी उचलून दिली आणि हात धुवून आल्या.

पिसवा मात्र सांगितल्याप्रमाणे तिसऱ्या महिन्यापर्यंत निघत राहिल्या. एक आज, एक चार दिवसांनी. भाऊ भिंग डोळ्याला लावून फळ्यांवरून ओणवा व्हायचा आणि सापडली की साबणाच्या पाण्यात बुडवायचा. नंतर आठवडा गेला, दोन गेले, एकही दिसली नाही. ढब्बूच्या कमरेवर आधी मऊ लव आली, मग केस. हिरड्यांना रंग आला. पोट पुन्हा सुटायला लागलं तेव्हा भावानं कौतुकानं बाईंना दाखवलं, आणि बाईंनी लांबूनच पाहिलं.

हॉटेलवाला परत आला, दीड महिन्यानं. बाईंनी काही न बोलता चादरी घेतल्या.

भाऊ आता आठवड्यातून एकदा बहिणीला जेवायला बोलावतो. बाई जातात. भावाच्या हातचं जेवतात, घड्याळवाल्यांच्या त्याच त्या गोष्टी ऐकतात. पण खुर्चीवर बसल्या की दोन्ही पाय उचलून आडव्या दांडीवर ठेवतात, जमिनीला टेकवत नाहीत.

"अगं, आता नाहीत ग," भाऊ म्हणतो.

"माहीत आहे," त्या म्हणतात, आणि पाय तसेच वर ठेवून भात मागतात.